ओळखीनं येणारी सायकल

आमच्याकडं डोंगर नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा मूर्खपणा नीट कळेल. काटेवाडी मागं टाकून सणसरच्या दिशेनं निघालात की दोन्ही बाजूला ऊस, मधनं डांबरी रस्ता आणि जमीन परातीसारखी सपाट. सगळ्यात उंच जागा कुठली, तर कालव्याचा भराव. तो शेळ्यासुद्धा रवंथ करत करत चढतात. अशा मुलखात नव्वदच्या पुढं-मागं एक खूळ शिरलं, माउंटन बाईकचं. जाड टायर, आडवं हॅन्डल, मागं दातेरी चकत्यांची उतरंड आणि अठरा गियर. टीव्हीवर जाहिरात लागायची, त्यात पोरं कड्यावरनं सायकल खाली सोडायची. झालं! आमच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीत सगळे एका रात्रीत जाणकार झाले. एक म्हणायचा अमक्या कंपनीची फ्रेम दणकट, दुसरा म्हणायचा छे, तमक्या कंपनीला पुढं शॉकअब आहे, तिसरा म्हणायचा ती खरी फॉरेनची, इथं फक्त जोडतात. यातल्या एकानंही ती सायकल हातात धरलेली नव्हती. कंपन्यांच्या नावांवरनं मात्र गचांड्या धरायची वेळ यायची.

मला त्या सायकलीचं काही पडलेलं नव्हतं. मला सकाळी सातच्या आत बारामतीला पोचायचं होतं, बस्स.

मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले होते आणि बारामतीच्या कॉलेजात अकरावी सायन्सला माझा नंबर लागला होता. सायन्सच का, तर त्याला कारण होतं. आमच्या गावच्या दूध केंद्रावर अधूनमधून लॅबमधल्या एक बाई तपासणीला यायच्या. पांढरा कोट, हातात काचेची नळी, बोलणं मोजकं. एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारे आमचे मिशाळ गडी त्यांच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे राहायचे. नळी हलवून बाई नुसत्या म्हणायच्या, "पाणी आहे," की समोरचा कसनुसा हसायचा. मी केंद्राच्या भिंतीला टेकून हे तासन्‌तास बघायची. मला तसली नळी हातात धरायची होती. रसायनशास्त्र हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला, आणि तो मला फार आवडला.

अडचण एकच होती. प्रॅक्टिकल सकाळी सातला असायचं. इंदापूरकडनं येणारी पहिली एस.टी. आमच्या फाट्यावर येईपर्यंत खच्चून भरलेली. कंडक्टर आतनंच पंजा हलवायचा आणि गाडी धूळ उडवत पुढं. नंतरच्या गाडीनं गेलं की लॅबचं दार बंद. केमिस्ट्रीचे सर शिस्तीचे होते. आत आलेले आत, बाहेर राहिलेले बाहेर. त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं, "बाळ, पहिल्या सत्राची प्रॅक्टिकलं पूर्ण झाली नाहीत तर दिवाळीनंतर मला तुला सायन्सला ठेवता येणार नाही. आर्ट्सला बसावं लागेल." त्यात त्यांची चूक मी आजही काढत नाही. सायकल असती तर मी दिवस उजाडताना निघून वेळेत पोचले असते. एवढं साधं गणित होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते दार त्यांच्या हातात. माणूस सरळ होता. पाण्याच्या नंबरात त्यांनी कधी इकडचं तिकडं केलं नाही. कुणी कोंबडी आणून दिली तर ती कोंबडी आणि तो माणूस दोघंही आल्या वाटेनं परत. त्यांच्याकडं एक जुनी काळी सायकल होती, पण ती कालव्यावर फिरायला त्यांनाच लागायची. मला सायकल घ्यायची हे त्यांनीच ठरवलं, आणि चारचौघांत सांगितलंही, "पोरगी सायन्सला हाय आमची. सायकल घेतोय तिला." तेव्हा मला त्यांचा इतका अभिमान वाटला होता की आता आठवलं की जास्तच संताप येतो.

आणि मग मामा आले. मामा लोणी देवकरला नव्यानं निघालेल्या कारखान्यात लागले होते आणि त्यामुळं त्यांना जगातलं सगळं कळायला लागलं होतं.

"दाजी, घ्यायची तर गियरची घ्या," मामा म्हणाले. "लेडीज सायकल घेऊन काय करताय? पोरगी चार वर्सांत सासरी जाईल. मग ती सायकल धाकट्याच्या काय कामाची? माउंटन घ्या. दोघांचं भागतंय."

म्हणजे बघा. कॉलेजला जाणार मी, आणि सायकल ठरली चौथीतल्या माझ्या भावाच्या मापानं. पंजाबी ड्रेस घालून त्या दांडीवरनं पाय कसा टाकायचा, हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आबांनी मान हलवली. आई चुलीपाशी बसली होती, तिनं फुंकणी जरा जोरात आपटली.

बारामतीत भिगवण रस्त्याला एक सायकलवाला होता. एरवी आम्ही त्याला सायकलवालाच म्हणायचो, पण त्यानं नवीन पाटी लावली होती, 'अधिकृत डीलर', आणि त्या दिवसापासनं तो पायजमा सोडून पॅन्ट घालायला लागला होता. त्याच्या भावाची जमीन आबांच्या कालव्यावर. म्हणून तो आपला माणूस. आमच्याकडं वस्तू दुकानातनं घेत नाहीत, ओळखीनं घेतात. पैसे देऊन सरळ वस्तू उचलून आणली तर लोकांना वाटतं, याचं गावात कुणी नाही वाटतं. ओळखीनं घेतली की चहा मिळतो, खांद्यावर हात पडतो, "तुमच्यासाठी पहिला नंबर" असं ऐकायला मिळतं. वस्तू तेवढी मिळत नाही.

मी आबांबरोबर गेले होते. दुकानाच्या दारातच एक निळी लेडीज सायकल उभी होती. पुढं जाळीची टोपली, मागं कॅरिअर, साखळीला कव्हर. घंटीसुद्धा बसवलेली. मी तिच्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "आबा, हीच घेऊ की. आत्ता घरी नेता येईल."

डीलर हसला. "ताई, ही का तुमच्यासारख्यांनी घ्यायची? ही तर मास्तरणीबाई घेतात." मग त्यानं ड्रॉवरमधनं एक गुळगुळीत रंगीत कागद काढला आणि काचेवर पसरला. त्यावर लाल माउंटन बाईक होती, मागं बर्फाचा डोंगर. "हे बघा. ही खरी चीज. कंपनीचा माल थेट पंजाबातनं येतोय, पुण्याच्या मेन डीलरकडं. तितनं आमच्याकडं. बारामतीत पयली तुमाला. दुसऱ्या कुणाला मी हा कागद दाखवलेला बी न्हाय."

हा माणूस वस्तू ठेवतच नव्हता. चित्रं विकायचा. दुकानात एक माउंटन बाईक नाही, आणि अर्ध्या तालुक्याच्या ऑर्डरी घेऊन बसलेला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, वर ढेकर त्याचा.

"किती दिवसांत?" आबांनी विचारलं.

"आबा, तुमाला म्हणून सांगतो. नागपंचमीला सायकल दारात."

आबांनी शब्द दिला. निळी सायकल तिथंच राहिली. हातचं सोडून पळत्यापाठी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

नागपंचमी झाली. डीलर म्हणाला, कंपनीत संप हाय. पंधरा ऑगस्ट झाला. म्हणाला, ट्रक निघालाय पण वाटेत पूर आलाय. मी पेपर वाचायची, पूर कुठं आलाय ते मला दिसत नव्हतं. मग म्हणाला, सायकली आल्या पण पेडल यायचेत. मग पेडल आले, तर पुण्याच्या मेन डीलरनं माल दाबला. दर वेळी आबा बारामतीहून चहा पिऊन यायचे आणि तीच बातमी इतक्या समाधानानं सांगायचे, जणू कंपनीच्या मालकानं स्वतः त्यांची चौकशी केली होती.

इकडं माझे हाल कुत्रं खाईना. चार-सहा वेळा मी दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मधे बसून गेले. ड्रायव्हर म्हातारा, देवमाणूस. पण फाट्यावर कुणीतरी काहीतरी बोललं, ते आईच्या कानावर आलं, आणि टेम्पो बंद. परत एस.टी.ची वाट. परत तो कंडक्टरचा पंजा. लॅबच्या दाराला एक चौकोनी काच होती. त्या काचेतनं मला बाकीच्या मुली दिसायच्या, परीक्षानळ्या उजेडाकडं धरून रंग बघणाऱ्या. मी बाहेर दप्तर छातीशी धरून उभी. एकदा आत कसलातरी निळा रंग झाला आणि सगळ्या एकदम "आई गं!" म्हणाल्या. मला रडू आलं नाही, भयंकर राग आला. ते दार लाथ मारून फोडावं असं वाटलं.

त्या दिवशी घरी आले ती दप्तर फेकूनच. "आबा, ती लेडीज सायकल घ्या. उद्या. मला नको तुमचा डोंगर!"

आई लगेच म्हणाली, "अवो खरंच घ्या की. पोरीचं नुकसान होतंय."

आबांनी जेवणाचं ताट पुढं सरकवलं. "असं कसं? त्याला शब्द दिलाय. आता ऑर्डर मोडली तर त्याला काय वाटंल? त्याचा भाऊ रोज कालव्यावर भेटतोय मला."

"मग त्याला दोन शब्द बोला तरी. फसवतोय तो."

"आपल्या माणसाला कसं बोलायचं? परक्याला बोलता येतंय."

"भीड भिकंची बहीण," आई म्हणाली आणि भाकरी थापायला वळली. ती एवढंच म्हणाली. तिला त्या घरात एका वेळी एकच वाक्य मिळायचं.

दसरा झाला. आमच्या रस्त्यानं ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून फिरले, मोटारसायकली फिरल्या, माझी सायकल काही आली नाही. दिवाळी तोंडावर आलेली. सरांनी सांगितलेली मुदत संपत चाललेली. आता आबांच्या चहावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. एके दिवशी कॉलेज सुटल्यावर मी एकटीच भिगवण रस्त्याला गेले. एकट्या मुलीनं दुकानात जाऊन जाब विचारायची आमच्याकडं पद्धत नव्हती. नव्हती तर नव्हती. पद्धतींनीच माझं वाटोळं चाललं होतं.

"माझी सायकल कुठं आहे?" मी काउंटरवर हात आपटून विचारलं. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली.

डीलर गडबडला. "ताई, अशा ओरडताय का?"

"ओरडू नको तर काय आरती करू? नागपंचमीला देणार होता तुम्ही. संप, पूर, पेडल, किती थापा मारायच्या? सांगा, कुठं आहे?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच वेड लागलंय. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमची सायकल गणपतीतच आली हुती की."

"आली होती? मग?"

"म्हंजी, आबांनी तुमाला न्हाय सांगितलं?"

मला काही कळेना. तो पॅन्टचा पट्टा वर ओढत म्हणाला, "तुमच्या आबांचे साहेब हायत ना, कालव्याच्या ऑफिसातले? त्यांच्या चिरंजीवांना पाहिजे हुती. एकच आली हुती, लाल. आबाच आले हुते साहेबांना घिऊन. मी म्हणलं, आबा, ही तर तुमच्या ताईंची. तर म्हणले, द्या साहेबांना. आमच्या पोरीचं काय, थांबंल ती."

थांबेल ती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दुकानात कळलं. म्हणजे पेडल, मेन डीलर, दाबलेला माल, गणपतीनंतरच्या सगळ्या बातम्या आबांनी घरी बसून रचल्या होत्या! मी त्या डीलरला मनातल्या मनात रोज शिव्या घालत होते, त्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरत होते, आणि माझी सायकल साहेबांच्या बंगल्यात उभी होती.

मी तिथनं मिळेल त्या गाडीनं निघाले आणि घरी न जाता सरळ कालव्यावर गेले. आबा दारापाशी उभे होते. भोवती पाच-सहा शेतकरी. एक म्हातारा हात जोडून म्हणत होता, "आबा, ऊस वाळाया लागलाय, आज सोडा की माझ्याकडं." आणि आबा शांतपणे त्याला सांगत होते, "नंबरानं मिळंल. एकाचा नंबर दुसऱ्याला देनं माझ्या धर्मात बसत न्हाय."

"व्हय?" मी मागनं ओरडले. "मग माझा नंबर कसा दिला साहेबाच्या पोराला?"

आबांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता चिडतील, मुस्काटात देतील. दिली असती तर बरं झालं असतं. ते नुसते इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "अगं, साहेबांनी शब्द टाकला. न्हाय कसं म्हणायचं? पुढच्या गाडीला यील आपली."

"मला का नाही सांगितलं?"

"तू घरचीच हायंस की."

हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की माझं तोंडच बंद झालं. आणि तेच मला आजही सहन होत नाही. घरची! आमच्याकडं घरच्या माणसानं शेवटी जेवायचं असतं. भाजी संपली तर घरच्या माणसाची संपते. परक्याला नाही म्हणता येत नाही, साहेबाला नाही म्हणता येत नाही, डीलरला नाही म्हणता येत नाही. मग जे काही नाही म्हणायचं ते सगळं साठवून घरच्या पोरीला म्हणायचं, आणि तेही तोंडानं नाही, सायकलच्या पेडलच्या थापा मारून. साहेबाचा पोरगा ती सायकल घेऊन कुठं जायचा ठाऊक आहे? बंगल्यासमोर गोल गोल फिरायचा. त्याला शाळेला जायला जीप होती.

तो म्हातारा शेतकरी तेवढा म्हणाला, "पोरगी चुकीचं बोलली न्हाय, आबा." आबा पाठ वळवून दाराचं चाक फिरवायला लागले.

त्यानंतरही निळी सायकल घ्यायला वेळ होता, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी मामा आले, आबा आणि मामा दोघं गेले, आणि हात हलवत परत आले. निळी दसऱ्याला विकली गेली होती. डीलरनं त्यांना चहा पाजला होता, आणि पुढची माउंटन बाईक नक्की आपल्यालाच, असा परत शब्द दिला होता. तो शब्द घेऊन दोघं घरी आले होते. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी फार आग्रहही केला नाही.

दिवाळीनंतर सरांनी मला बोलावलं. माझी निम्मीसुद्धा प्रॅक्टिकलं झालेली नव्हती. सर चष्मा काढून म्हणाले, "हुशार होतीस तू. वाईट वाटतं." मी त्यांना काय सांगणार? माझे वडील फार सज्जन आहेत म्हणून माझं सायन्स गेलं, असं? आठवड्यानं माझं नाव आर्ट्सच्या हजेरीत गेलं. तिथला पहिला तास अकराला असायचा. तेवढ्याला कुठल्याही एस.टी.नं जाता येत होतं.

आणि मग, संक्रांतीच्या सुमारास, आली बया एकदाची. वरातीमागून घोडं. डीलर स्वतः टेम्पो घेऊन आला. लाल रंग, जाड टायर, अठरा गियर, हॅन्डलला झेंडूची माळ, सीटवर अजून प्लॅस्टिक. फाट्यावरची सगळी पोरं धावत मागं आली. कुणी गियर मोजतंय, कुणी टायर दाबून बघतंय, कुणी कंपनीचं नाव मोठ्यानं वाचतंय. भावानं तर सीटवर बसायला रडून गोंधळ घातला. आबांच्या तोंडावर जे समाधान होतं ते काय सांगू. ते अंगणातनं मला हाक मारत होते, "बघ, आली का न्हाय? उगा तरफडत हुतीस. म्हणलं हुतं ना, थांब म्हणून!"

मी आतनंच म्हणाले, "आबा, माझं कॉलेज गेलं."

"कुठं गेलं? आर्ट्स बी कॉलेजच हाय की. आता सायकलवर जा थाटात." मग त्यांनी आईला आवाज दिला, "अगं ये, ताट आण. ओवाळ सायकलीला. लोक थांबल्यात."

आई ताट घेऊन बाहेर आली. हळद, कुंकू, निरांजन, सगळं तयार होतं. ती उंबऱ्यात थांबली. सायकलीकडं बघितलं, डीलरकडं बघितलं, मग आबांकडं.

"माझ्या पोरीचं शिक्षान गेलं," ती म्हणाली, "आन् तुमी लोखंडाला ओवाळाया लावताय मला?"

आबा दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, हळू. डीलर उभं हायती. आपलं मानूस हाय. काय वाटंल त्येस्नी?"

"वाटू द्या," आई म्हणाली. "तिला काय वाटलं ते इचारलंत का कवा?" तिनं फुंकर मारून निरांजन विझवलं आणि ताट घेऊन आत आली.

मी आतल्या खोलीत अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून बसले होते. आई माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली आणि तिनं विचारलं, "हे बी चांगलंच असंल की गं?" मी तिच्याशी खोटं बोलू शकले नाही. मला केमिस्ट्री पाहिजे होती.